तालुक्याच्या गावी एआयने वाचलेला छातीचा फोटो : दीड वर्षाच्या वापरानंतर

जळगाव जिल्ह्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या तालुक्याच्या गावी एका खाजगी एक्स-रे केंद्राने दीड वर्षापूर्वी छातीचे फोटो कृत्रिम बुद्धिमत्तेच्या, म्हणजे एआयच्या, मदतीने वाचून देण्याची सेवा सुरू केली. मी या गावात सव्वीस वर्षे जनरल प्रॅक्टिस करतो आहे. या दीड वर्षात दोनशेच्या आसपास रुग्ण मी त्या केंद्रात पाठवले आणि ज्यांचा पुढचा निकाल कळला त्यांची नोंद एका वहीत ठेवली. केंद्राचे नाव मुद्दाम देत नाही. गाव लहान आहे, रोजचे येणे-जाणे आहे, आणि पुढे मांडलेल्या तक्रारी थोड्याफार फरकाने अशा दुसऱ्या केंद्रांनाही लागू पडतील असा माझा अंदाज आहे.

सेवेचे स्वरूप साधे आहे. छातीच्या साध्या डिजिटल फोटोचे चारशे रुपये आणि एआयच्या वाचनाचे वरचे दीडशे रुपये घेतले जातात. फोटो काढताच तो इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकाकडे जातो आणि दोन-तीन मिनिटांत एक पान छापून मिळते. त्यावर फोटोची लहान प्रत असते, संशयाच्या जागी लाल-पिवळा रंग चढवलेला असतो, क्षयरोगासाठी शून्य ते एक यांमधला एक गुण असतो, आणि फुप्फुसाबाहेर साचलेले पाणी, मोठे दिसणारे हृदय, न्यूमोनियासारखी सावली अशा इतर गोष्टींपुढे ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे लिहिलेले असते. अंतिम रिपोर्ट मोठ्या शहरात बसलेले रेडिओलॉजिस्ट त्याच दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सही करून पाठवतात. ही सोय होण्यापूर्वी आमच्याकडे काय चालत असे हे सांगितल्याशिवाय या दीडशे रुपयांची किंमत कळणार नाही. तालुक्यात एकही रेडिओलॉजिस्ट नव्हता आणि आजही नाही. ओली फिल्म वाळली की रुग्ण ती घेऊन दवाखान्यात येई, मी ती खिडकीच्या उजेडात धरून पाही, आणि शंका आली तर तापी ओलांडून जळगावला जायला सांगे. मजुरी बुडवून जाणारे थोडे असत, आणि न जाणारे पुढे दोन महिन्यांनी अधिक खंगलेल्या अवस्थेत परत येत.

सेवा सुरू झाल्यावर पहिल्याच महिन्यात पाड्यावरची एक चौतीस वर्षांची बाई माझ्याकडे आली. केळीच्या बागेत घड वाहण्याचे काम करणारी, तीन आठवडे खोकला, ताप नाही, वजनाची तिला स्वतःला कल्पना नव्हती. फोटो मी संगणकाच्या पडद्यावर स्वतः पाहिला आणि मला तो ठीक वाटला. एआयच्या पानावर मात्र उजव्या गळपट्टीच्या हाडामागे, पहिल्या बरगडीशी जिथे हाडांच्या सावल्या एकमेकींवर पडतात तिथे, रंगाचा ठिपका होता आणि गुण ०.७२ होता. त्या जागी डोळा नेहमी फसतो हे मी विद्यार्थी असल्यापासून जाणतो, तरीही फसलो होतो. थुंकीची सीबीनॅट तपासणी, म्हणजे क्षयाचे जंतू त्यांच्या जनुकांवरून ओळखणारी चाचणी, सरकारी रुग्णालयात मोफत झाली, क्षयरोग निघाला, सहा महिन्यांचे औषध पूर्ण झाले आणि बाई पुन्हा कामावर आहे. त्या दिवशी या यंत्राविषयीचा माझा अर्धा संशय गेला. उरलेला अर्धा का गेला नाही, ते पुढे येईलच.

क्षयरोगासाठी असे वाचन चालते याला माझ्या एका रुग्णापेक्षा बराच भक्कम आधार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली, पंधरा वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या क्षयरोग-चाळणीसाठी, छातीचा फोटो माणसाऐवजी संगणक-प्रणालीने वाचायला मान्यता दिली. त्याच वर्षी ‘लॅन्सेट डिजिटल हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात ढाक्यातील २३,९५४ व्यक्तींच्या फोटोंवर पाच वेगवेगळ्या प्रणाली पारखलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. मुंबईच्या क्यूअर डॉट एआय या कंपनीची क्यूएक्सआर ही त्या पाचांतली एक होती. पाचही प्रणाली तेथील रेडिओलॉजिस्टांच्या वाचनापेक्षा सरस ठरल्या. जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे, आणि आपल्या तालुक्यांमध्ये फोटो काढण्याचे यंत्र असते पण तो वाचणारा माणूस नसतो, हे लक्षात घेतले तर अशा यंत्राला इथे खरोखरच काम आहे. ७ डिसेंबर २०२४ पासून केंद्र सरकारने ३४७ जिल्ह्यांत जी शंभर दिवसांची क्षयरोग मोहीम घेतली, तिच्यातही हातात उचलून नेण्याजोगी एक्स-रे यंत्रे आणि त्यांच्या जोडीला एआय वापरण्यात आले. लक्षणे नसलेल्या माणसाच्याही फोटोत रोग दिसू शकतो, हे त्यामागचे कारण आहे.

पण ढाक्याच्या त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट नोंदलेली आहे, जी विकायला येणारा प्रतिनिधी सांगत नाही. साठीपुढच्या लोकांत आणि ज्यांना आधी क्षयरोग होऊन गेला आहे अशा लोकांत पाचही प्रणालींची कामगिरी उतरते. या एका वाक्याचा अर्थ मला कागदावर कळला नव्हता, तो दवाखान्यात कळला.

अडुसष्ट वर्षांचे एक आप्पा आहेत. कोरडवाहू कापसाची शेती आणि आयुष्यभर बिडी. सर्दी-खोकल्यासाठी आले, दम थोडा वाढला होता, म्हणून फोटोला पाठवले. गुण आला ०.८१, आणि डाव्या फुप्फुसाच्या टोकाला गडद लाल रंग. केंद्रातल्या मुलाने तो कागद थेट त्यांच्या हातात दिला. माझ्याकडे येईपर्यंत सुनेने त्यांचे ताट वेगळे काढले होते आणि नातवाला मामाच्या गावी पाठवण्याची तयारी सुरू होती. आप्पांनी खुर्चीत बसायच्या आधीच विचारले, ‘डाक्टर, माले परत टीबी शे का?’ त्या ‘परत’ शब्दावर मी थांबलो. १९९८ साली त्यांनी पूर्ण औषध घेतले होते. ‘जुना फोटो आहे का?’ असे विचारल्यावर मुलगा घरी गेला आणि पत्र्याच्या पेटीतून, बियाण्याच्या कंपनीच्या पिशवीत गुंडाळलेली, कडेला पिवळी पडलेली फिल्म घेऊन आला. खिडकीत धरून पाहिली तर तोच व्रण, त्याच जागी, तेवढाच. बरे झालेल्या क्षयाचा डाग, जखम भरून आल्यावर कातडीवर राहणाऱ्या वणासारखा. थुंकीची तपासणी तरीही केली, कारण जुना डाग असला म्हणून नवा रोग होत नाही असे नाही. ती निगेटिव्ह आली. मधले चार दिवस मात्र त्या घराने काढायचे ते काढले.

माझ्या मते या सेवेतली सर्वांत मोठी उणीव इथे आहे. यंत्र समोरचा एक फोटो पाहते. फुप्फुसावरचा डाग काल पडला की पंचवीस वर्षांपूर्वी, हे एका फोटोवरून पुष्कळदा माणसालाही सांगता येत नाही. म्हणून तर आमच्या शिक्षकांनी पहिल्या दिवसापासून ‘आधी जुनी फिल्म माग’ असे बजावले होते. या केंद्राने घेतलेल्या प्रणालीत जुना फोटो जोडण्याची जागाच नाही, आणि केंद्र स्वतःहून तो मागतही नाही. आमच्या भागात साठीपुढची किती तरी माणसे अशी आहेत की ज्यांच्या छातीत जुना क्षय, जुना न्यूमोनिया किंवा जिनिंगमधल्या धुळीत घालवलेली वर्षे आपली खूण ठेवून गेली आहेत. वहीतल्या नोंदी चाळल्या तर जुना क्षयरोग असलेल्या बहुतेक वृद्धांना यंत्राने संशयित ठरवले आहे, आणि त्यांपैकी फार थोड्यांत पुढे काही निघाले. तरुण रुग्णांत याच यंत्राने मला क्वचितच वाया पाठवले.

आता त्या गुणाविषयी. ०.८१ म्हणजे ‘टीबी असण्याची एक्याऐंशी टक्के शक्यता’ असे रुग्णांना वाटते, आणि केंद्रातली मुलेही तसेच सांगतात. हे चूक आहे. तो आकडा प्रणालीच्या आतल्या मोजपट्टीवरचा असतो, आणि कोणत्या आकड्याच्या वर ‘संशयित’ म्हणायचे ती रेघ वापरणाऱ्याने आखायची असते. जागतिक आरोग्य संघटनेने सगळ्यांसाठी एकच रेघ दिलेली नाही. ज्या त्या भागातल्या लोकांवर पारखून ती ठरवावी असे तिचे म्हणणे आहे, आणि एकाच प्रणालीची आवृत्ती बदलली तरी ती पुन्हा तपासावी लागते. मी केंद्रचालकांना विचारले की तुमची रेघ कुठे आहे, तर त्यांना असे काही असते हेच ठाऊक नव्हते. त्यांनी प्रामाणिकपणे कंपनीला विचारले, आणि आठवड्याने उत्तर आले की सुरुवातीला जी होती तीच आहे, ०.५. रेघ खाली आणली तर कमी रुग्ण हातून सुटतील पण निष्कारण थुंकीला जाणारे वाढतील, वर नेली तर उलट. थुंकीची तपासणी मोफत आहे, तेव्हा रेघ खालीच ठेवावी, असे शहरात बसून म्हणणे सोपे आहे. इथे पाड्यावरून तालुक्याला येणाऱ्या मजुराला ती मोफत तपासणी एक दिवसाच्या मजुरीला आणि जीपच्या दोन फेऱ्यांना पडते. हा हिशेब कंपनीच्या संगणकाला करता येणार नाही, तो आम्हीच करायला हवा, आणि दीड वर्षात तो कोणी केलेला नाही. मीही नाही.

फोटो काढण्याच्या कामाविषयी मिश्र मत आहे. अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना भिंतीवर लावलेला आहे, दाराला शिसे आहे, गर्भवती बाईला विचारल्याशिवाय आत घेत नाहीत. या गोष्टी मी सर्वांत आधी पाहिल्या आणि त्यांत खोट सापडली नाही. घाई मात्र फार. एका मुलीच्या फोटोत उजव्या टोकाला लांबट सावली आली, यंत्राने रंग चढवला, आणि ती सावली तिच्या जाड वेणीची निघाली. वेणी डोक्यावर बांधून दुसरा फोटो काढला तर सगळे स्वच्छ. एका पावरा आदिवासी बाईच्या गळ्यातले चांदीचे दागिने न काढताच फोटो काढला गेला. ते तिने सहजासहजी काढले नसते हे खरे, पण कोणी बाईमाणसाने तिला समजावून सांगितले असते तर जमले असते. स्तनाग्राची सावली गाठ म्हणून दाखवली जाणे हा तर नेहमीचा प्रकार. या चुका मुळात यंत्राच्या नाहीत, त्याच्या पुढ्यात काय ठेवले जाते त्याच्या आहेत.

यंत्र खरोखर काय शिकले आहे, हा प्रश्न या क्षेत्रातल्या संशोधकांनाही पडलेला आहे, आणि त्यांचे अनुभव वाचताना मला आमच्या केंद्राची आठवण झाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१७ साली ३०,८०५ रुग्णांचे १,१२,१२० छातीचे फोटो संशोधनासाठी खुले केले, आणि त्यांवर असंख्य प्रणाली घडवल्या गेल्या. पण त्या फोटोंवरची रोगांची नावे रेडिओलॉजिस्टांनी एकेक फोटो पाहून लावलेली नव्हती, लिहिलेल्या रिपोर्टांतून संगणकाने वेचलेली होती, आणि त्यांत चुका होत्या. फुप्फुसाबाहेर हवा साठल्याच्या फोटोंपैकी पुष्कळांत ती हवा काढण्याची नळी आधीच छातीत होती. म्हणजे शिकणाऱ्या प्रणालीला रोग ओळखण्याऐवजी नळी ओळखणे सोपे जात होते. २०१८ साली न्यूमोनियाच्या बाबतीत असेही दिसले की एका प्रणालीला फोटो कोणत्या रुग्णालयातला आहे हे जवळजवळ अचूक ओळखता येते, आणि जिथे न्यूमोनियाचे रुग्ण अधिक तिथल्या फोटोवर ती तसा निकाल देण्याकडे झुकू शकते. परक्या रुग्णालयाच्या फोटोंवर तिची कामगिरी उतरली. परीक्षेत उत्तर न येता पेपर कोणी काढला हे ओळखून लिहिणारे विद्यार्थी आपण सगळ्यांनी पाहिले आहेत, त्यातलाच हा प्रकार. म्हणून ‘आमची प्रणाली अमुक इतकी अचूक आहे’ असे कोणी सांगितले की मी एवढेच विचारतो, कुणाच्या फोटोंवर?

एका प्रसंगात मात्र दोष सरळ केंद्राचा होता. अकरा वर्षांच्या एका मुलाला महिनाभर संध्याकाळचा ताप येत होता आणि घरात आजीला क्षयरोग होता. केंद्राने त्याचा फोटो एआयकडून वाचून घेतला, पानावर ‘क्षयरोगाचा संशय नाही’ असे छापून आले, आणि बाप निश्चिंत होऊन घरी गेला. जागतिक आरोग्य संघटनेची ती मान्यता पंधरा वर्षांखालच्या मुलांसाठी नव्हती. लहान मुलांचा क्षय पुष्कळदा फुप्फुसाच्या टोकाऐवजी मुळाशी असलेल्या गाठींत असतो, आणि मोठ्यांच्या फोटोंवर तयार झालेल्या डोळ्याला तो दिसेलच असे नाही. दुसऱ्या दिवशी रेडिओलॉजिस्टांनी रिपोर्टात गाठींचा उल्लेख केला. तो कागद मुलाच्या घरी पोचायला नऊ दिवस लागले, कारण पहिला कागद मिळाल्यावर दुसरा घ्यायला कोणी आलेच नाही. त्यानंतर मी केंद्राला लेखी कळवले की मुलांचे फोटो एआयकडून वाचून घेऊ नयेत, आणि सहीचा रिपोर्ट येईपर्यंत यंत्राचे पान रुग्णाच्या हातात देऊ नये. पहिली सूचना त्यांनी मानली. दुसरी मानली नाही, कारण लगेच मिळणारा कागद हेच त्यांच्या विक्रीचे मुख्य कारण आहे. हे त्यांनी लपवलेही नाही, त्यामुळे राग धरता आला नाही.

रेडिओलॉजिस्टांची गरज संपणार, हे भाकीत करून आता जवळजवळ दशक लोटले. एआयचे नामवंत संशोधक जेफ्री हिंटन यांनी २०१६ साली जाहीरपणे म्हटले होते की नवे रेडिओलॉजिस्ट शिकवणे आताच थांबवावे. प्रत्यक्षात जिथे यंत्राचा सर्वांत नेमका उपयोग सिद्ध झाला तिथे तो माणसाला हटवून झालेला नाही. स्वीडनमध्ये ८० हजारांवर स्त्रियांच्या स्तन-तपासणीत, प्रत्येक फोटो दोन डॉक्टरांनी वाचण्याऐवजी यंत्राने धोका ठरवून कोणता फोटो एकाने आणि कोणता दोघांनी पाहायचा हे वाटून दिले, तेव्हा वाचनाचे काम ४४ टक्क्यांनी घटले आणि सापडणारे कर्करोग कमी झाले नाहीत. आमच्या केंद्रातही यंत्राचा खरा उपयोग मला असाच दिसतो. दिवसाच्या चाळीस फोटोंतून कोणते तीन रेडिओलॉजिस्टांनी आधी उघडावेत, हे ते सांगते. छातीत पाणी भरलेल्या एका शिक्षकाचा रिपोर्ट त्यामुळे वीस मिनिटांत आला आणि रुग्णवाहिका दुपारीच धुळ्याकडे निघाली. हा क्रम लावण्याचा फायदा मात्र केंद्राच्या जाहिरात-फलकावर कुठेच नाही. तिथे मोठ्या अक्षरांत लिहिले आहे, ‘दोन मिनिटांत निदान’.

माहितीच्या गोपनीयतेबाबत एक गोष्ट खटकली. फोटो बाहेर पाठवण्यापूर्वी नाव काढले जाते असे सांगितले जाते, आणि फाईलमधले नाव निघतही असेल. पण तंत्रज्ञ फोटोच्या कोपऱ्यावरच नाव आणि वय टाकतो, आणि ते चित्राचाच भाग होऊन पुढे जाते. छापील पानावर मी ते डोळ्यांनी वाचले आहे. संमतीचा कागद केवळ इंग्रजीत आहे, आणि त्यावर अंगठे घेतले जातात. २०२३ चा व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा दूर ठेवला तरी, आपल्या छातीचा फोटो कुठे जातो हे माणसाला त्याच्या भाषेत सांगणे अवघड नाही. मराठी मजकूर मी लिहून दिला आहे, तो अजून छापखान्यात आहे असे कळते.

एकूण गुण द्यायचेच झाले तर पंधरा ते पन्नास वयाच्या, प्रथमच खोकला घेऊन आलेल्या रुग्णासाठी मी या सेवेला पाचपैकी साडेचार देईन, जुना क्षय झालेल्या वृद्धासाठी अडीच, आणि मुलांसाठी काहीच नाही, कारण ती सेवा त्यांच्यासाठी नाही. जाणाऱ्यांनी सकाळी अकराच्या आत जावे. दुपारी वीज गेली की इन्व्हर्टरवर एक्स-रे चालत नाही आणि इंटरनेटही आपल्या लहरीने येते. लांब केस असतील तर वर बांधून जावे, अंगावरचे धातूचे शक्य तेवढे घरी ठेवावे, आणि पेटीतली जुनी फिल्म, ती कितीही पिवळी असो, सोबत न्यावी. माझ्या चिठ्ठीवर मी आता छातीचा फोटो लिहितो तेव्हा त्याखालीच ‘जुना फोटो सोबत’ असा शिक्का मारतो. केंद्रचालकांनीही माझ्या आग्रहावरून जुन्या फिल्म पाहायला उजेडाची पेटी आणून भिंतीवर लावली आहे. गेल्या गुरुवारी गेलो तेव्हा तिची ट्यूब गेलेली होती, आणि तंत्रज्ञ मुलगा आप्पांसारख्याच एका म्हाताऱ्याची फिल्म मोबाईलच्या बॅटरीपुढे धरून नव्या फोटोशेजारी ताडून पाहत होता.